जुनी विजेची मोटार घेताना



हिरव्या पाटीच्या मोटारी आता पुणे-नाशिक रस्त्यावर सर्रास दिसू लागल्या आहेत. मंचर, नारायणगाव, आळेफाटा या बाजूला कोणाच्या ना कोणाच्या दारात अशी एखादी छोटी मोटार उभी असते आणि तिच्या पोटातून एक वायर निघून पडवीतल्या प्लगकडे गेलेली असते. 2022 च्या सप्टेंबरात टाटांची टियागो ईव्ही जाहीर झाली, 2023 साली एमजीची कॉमेट आली. त्या वेळी ज्यांनी नव्या घेतल्या, त्यांच्यापैकी काहीजण आता त्या विकावयास काढू लागले आहेत. नव्या गाडीपुढे किंमत बरीच उतरलेली असते. साहजिकच आपल्याकडचा एखादा शिक्षक, एखादा दूधवाला किंवा टोमॅटोचे दोन पैसे हाती आलेला शेतकरी विचार करू लागतो की, घ्यावी का ही?

घ्यावीशी वाटण्याजोगे कारणही आहे. अशी छोटी मोटार एका युनिट विजेवर साधारण आठ किलोमीटर जाते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावर जे छापलेले असते तेच. घरच्या विजेवर चालवली तर किलोमीटरला दीड-दोन रुपये पडतात, तेवढ्याच पेट्रोल गाडीला पाच-सहा. रोज 50 किलोमीटर जा-ये करणाऱ्या गुरुजींच्या पगारात हा फरक महिन्याकाठी चांगला जाणवतो. पण हा फायदा पदरात पडावयाचा तर हाती आलेली गाडी धड असली पाहिजे. पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली गाडी वर्षभरात दारात बसली, तर हप्ते मात्र बसत नाहीत. ते चालूच राहतात.

मी अर्थशास्त्र शिकवणारा मनुष्य. मोटार दुरुस्तीशी माझा संबंध नाही. मग मी या विषयावर का बोलावे? त्याचे कारण असे की, जुन्या मोटारीचा बाजार हा आमच्या शास्त्रातला एक प्रसिद्ध प्रश्न आहे. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली यावर एक निबंध लिहिला आणि 2001 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रामुख्याने त्याच विचारासाठी. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीपोटी किंमत पाडून मागतो. त्या पडलेल्या किमतीला ज्याची गाडी खरोखर चांगली आहे तो विकत नाही. तो गाडी घरीच ठेवतो. बाजारात मागे उरतात त्या बहुतेक खोटवाल्या. म्हणजे अज्ञानाने केवळ घेणाराच बुडतो असे नाही, प्रामाणिक विकणाराही मागे सरतो.

आपल्या बैलबाजाराने या रोगावर फार पूर्वी औषध शोधून ठेवले आहे. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणारा माणूस मालकाच्या गोड बोलण्यावर जात नाही. तो जबडा उघडून दात पाहतो. आदत, दुसा की चौसा, ते दातच सांगतात. मग खूर पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच रुमालाखाली हात घालतो. पेट्रोलच्या मोटारीलाही दात असतातच की. धूर कसला येतो, इंजिनाचा आवाज कसा आहे, तेल कोठे गळते आहे, हे गावचा मिस्त्री कान लावून सांगतो. विजेची मोटार मात्र मुकी. तिला धूर नाही, धडधड नाही. अगदी थकलेली मोटारसुद्धा पहिले दोन किलोमीटर नव्यासारखी पळते. तेव्हा हिचे दात कसे पाहावयाचे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की धरावी. विजेच्या मोटारीत बॅटरी हाच मुख्य ऐवज आहे; पत्रा, रंग, गाद्या ही वरची सजावट. आपल्या देशातला जुना अनुभवही हेच सांगतो. बंगळूरची रेवा ही छोटी विजेची मोटार 2001 साली विक्रीस आली. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि त्या काही वर्षांनी बदलाव्या लागत. 2010 मध्ये ती कंपनी महिंद्रांकडे गेली आणि 2013 साली लिथियम बॅटरीची ई-टू-ओ आली. तीही पुढे बंद झाली. या गाड्या अजून कोठे कोठे अगदी थोड्या पैशांत मिळतात. घेणारा किमतीला भुलतो. आणि मग कळते की, बॅटरी बदलावयाची तर गाडीपेक्षा बॅटरी महाग आणि सुटे भाग मिळावयाची वानवा. म्हणून ज्या गाडीचे उत्पादन थांबले आहे ती घेण्यापूर्वी, भाग कोठे मिळतात आणि दुरुस्त कोण करतो, हे आधी विचारावे. नीट उत्तर नसेल तर ती फुकट मिळाली तरी महागच पडेल.

आता बॅटरीचे दात. बॅटरी ही धान्याच्या कणगीसारखी असते. नवी असताना टियागोच्या मोठ्या बॅटरीत 24 युनिट मावतात, लहानीत 19 च्या थोडे वर. कॉमेटमध्ये 17 च्या वर. वापराने आणि वयाने कणगी हळूहळू आक्रसते. मौज अशी की, गाडीतला आकडा कणगी भरली की 100 टक्केच दाखवतो, मग ती कणगी 24 युनिटांची असो की आक्रसून 17 ची झालेली असो. म्हणून ‘बघा, फुल चार्ज आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. विचारावयाचे ते हे, की या शंभरात आता युनिट किती?

याचे उत्तर मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गाडी नेऊन बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल मागणे. गाडीच्या संगणकाला यंत्र जोडले की, मूळच्या किती टक्के ताकद उरली आहे ते कळते. हा अहवाल कागदावर घ्यावा आणि त्यावर गाडीचा क्रमांक व तारीख असावी. विकणारा यास का-कू करू लागला, तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरा मार्ग आपल्या घरचा आहे. वायरमनकडे साधा सबमीटर मिळतो. गाडी 20 टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी, मग सबमीटरमधून 100 टक्क्यांपर्यंत भरावी आणि मीटरवर किती युनिट पडले ते पाहावे. भरताना शंभरातले दहा-बारा युनिट उष्णतेत वगैरे जातात, ते वजा करावेत. समजा बॅटरी 24 युनिटांची आहे. तिचे 80 टक्के म्हणजे 19 युनिट, आणि गळती धरून मीटरवर 21-22 पडावयास हवेत. पडले मात्र 16. मग त्यातून गळती गेली, राहिले 14. हे 14 म्हणजे 80 टक्के, तर पूर्ण बॅटरी साडेसतरा युनिटांची. चोविसाची साडेसतरा झाली, म्हणजे चौथाईहून अधिक कणगी गेली. हा अंदाज आहे, पाच टक्के इकडेतिकडे होईल. पण एवढा मोठा फरक काही लपत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात जरूर घालावे. शेकडेवारीचा असा उपयोग मुलांना लगेच पटतो.

आता कोणी म्हणेल, थोडी बॅटरी कमी झाली तर बिघडले काय? ते आपल्या रस्त्यावर अवलंबून आहे. टियागोच्या मोठ्या बॅटरीचा पल्ला ती आली त्या वेळी कागदोपत्री 315 किलोमीटर सांगितला जाई. तो चाचणीतला पल्ला. आपल्या हिशेबाने 24 युनिट गुणिले 8, म्हणजे 190 च्या आसपास. आता मंचरहून भीमाशंकरला जाऊन परत यावयाचे तर सव्वाशे ते 130 किलोमीटर होतात. शिवाय वाटेत पोखरीचा घाट. चढाचा हिशेबही सोपा आहे. चार माणसांसह गाडी 1500 किलोची धरली, तर 100 मीटर उंच चढण्यास सुमारे 0.4 युनिट लागते. गळती धरून अर्धे युनिट म्हणू. समजा एकूण चढ 400 मीटरांचा, तर दोन युनिट गेले, म्हणजे 16 किलोमीटर पल्ला घटला. उतरताना गाडी यातला काही भाग परत बॅटरीत भरते, पण सगळा नाही.

आता दोन गाड्या घ्या. एकीची बॅटरी 90 टक्के उरलेली. तिचा पल्ला 172. ती भीमाशंकर करून मंचरला सुखरूप परत येईल आणि थोडे हाती राखून येईल. दुसरीची 70 टक्के. तिचा पल्ला 134. ती घोडेगावच्या पुढेमागे केव्हा दम टाकील ते सांगता यावयाचे नाही. पावसाळ्याची संध्याकाळ, गाडीत म्हातारे आईवडील, आणि आपल्या भागात तर बिबट्याचीही धास्ती. पुण्यात शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला या दोन गाड्यांत काहीच फरक जाणवला नसता. म्हणून पुण्याचा मालक ‘मला कधी त्रास झाला नाही’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत असतो असे मुळीच नाही. त्याचा रस्ता निराळा आणि आपला निराळा. जुन्नर ते पुणे हे अंतर एका बाजूने सुमारे 95 किलोमीटर. जाऊन-येऊन करावयाचे तर वाटेत किंवा पुण्यात चार्ज करावे लागेल, हे आधीच मान्य करून गाडी घ्यावी.

म्हणून गाडी चालवून पाहावयाची ती आपल्या रस्त्यावर, चार माणसे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून. भीमाशंकरची वाट, आणे घाट, माळशेजकडचा रस्ता, जो रोजचा असेल तो. आणि बॅटरी 30-40 टक्क्यांवर असताना चढावर घालावी. या छोट्या गाड्यांत पुष्कळदा लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी असते. टियागोमध्ये तीच आहे. ती टिकाऊ असते. पण भरलेली असताना आणि अर्धी रिकामी असताना तिचा विजेचा दाब जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे किती उरली याचा अंदाज गाडीलाही अवघड जातो. पाच-सहाशे घट एकत्र बांधलेले असतील आणि त्यातले दोन-चार अशक्त असतील, तर सपाटीवर काही कळत नाही. चढावर आकडा 30 वरून एकदम 18 वर येतो किंवा गाडीची ओढ अचानक मंदावते. असे झाले तर थांबावे. कधी कधी गाडी बरेच दिवस पूर्ण भरलेली नसते म्हणूनही आकडा चुकतो. एकदा 100 टक्के भरून पुन्हा पाहावे. पुन्हा तेच झाले, तर खोट आहे असे समजावे.

किती किलोमीटर चालली, हा प्रश्न पेट्रोल गाडीइतका येथे महत्त्वाचा नाही. ‘डॉक्टरसाहेबांची गाडी आहे, फक्त आठ हजार चालली’ असे कोणी सांगितले, तर ती बाकीचे महिने कशी उभी होती ते विचारावे. रिकामी बॅटरी घेऊन सहा महिने शेडमध्ये पडलेल्या गाडीपेक्षा रोज घरी सावकाश चार्ज करून 40 हजार चाललेली गाडी पुष्कळदा बरी निघते. सतत जलद चार्जरवर भरलेली आणि दिवसभर भाड्याने पळालेली गाडी मात्र जपून घ्यावी. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असली तर ती खासगी, पिवळी असली तर भाड्याची, ही खूण ध्यानात असू द्या.

यानंतर चार्जिंग. ज्या तोंडातून वीज आत जाते तेथे दिवा धरून पाहावे. एखादा खिळा काळवंडला असेल, प्लॅस्टिक वितळले असेल, तर तेथे ठिणगी पडलेली आहे. घरचा सावकाश चार्जर आणि रस्त्यावरचा जलद चार्जर, दोन्ही लावून पाहावेत; कित्येकदा एक चालतो आणि दुसरा चालत नाही. गाडीबरोबर मिळालेली मूळ केबल आहे की नाही तेही पाहावे, कारण नवी घ्यावयाची तर बरेच पैसे पडतात. आणखी एक. घरी आणल्यावर चार्जरवर लाल दिवा लागला, की लोक गाडीला दोष देतात. पुष्कळदा दोष आपल्या अर्थिंगचा असतो. गाडी येण्याआधी वायरमनला बोलावून स्वतंत्र 15 अँपिअरचा जोड, जाड तार आणि नीट अर्थिंग करून घ्यावे. विहिरीवरच्या शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नये. ती सवलतीची वीज शेतीसाठी आहे. इतरत्र वापरली तर 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे दंडाची आकारणी होते.

आता नेहमी आढळणारे काही किरकोळ दोष सांगतो. मोठ्या बॅटरीशिवाय या मोटारीत एक साधी 12 व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली की दरवाजे, दिवे, पडदा सारे मरते आणि गाडी सुरूच होत नाही, मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी! हा दोष काही हजारांत सुटतो. त्याला घाबरू नये, पण भाव करताना सांगावा.

ब्रेक पाहावेत. ही गाडी पाय उचलताच स्वतः वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि पावसाळ्यात त्यांच्या चकत्यांवर गंज चढतो. वजन जास्त असल्याने टायर लवकर झिजतात; चारही टायर सारखे झिजले आहेत का ते पाहावे. खड्ड्यातून नेऊन खालून खडखड येते का ते ऐकावे. वेग वाढला की मोटारीकडून घरघर किंवा शिटीसारखा आवाज वाढत गेला, तर बेअरिंगकडे बोट जाते.

गाडी रॅम्पवर चढवून तिचे पोट पाहणे, हे तर दात पाहण्याइतकेच महत्त्वाचे. बॅटरीची पेटी तळाशी असते. आपल्याकडचे उंच गतिरोधक आणि वस्तीवरचे दगडी रस्ते तिला घासतात. नुसते ओरखडे चालतील. पण पोचा पडला असेल किंवा पेटी चिरली असेल, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. पुरात बुडालेली गाडीही घेऊ नये. पेटी पाणबंद असते, तरी जोडांत शिरलेले पाणी महिन्या-दोन महिन्यांनी आपला गुण दाखवते. पायातली चटई उचलून गाळ, सीटखालचे बोल्ट गंजलेले, दिव्यांच्या आत बाष्प, कुबट वास, या तिच्या खुणा. वातानुकूलन यंत्रही तपासावे, कारण काही गाड्यांत तेच बॅटरीलाही थंड ठेवते. आणि नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील, त्यांना हात लावू नये, गावच्या मिस्त्रीलाही लावू देऊ नये. त्यांत जीव जाण्याइतका विजेचा दाब असतो.

शेवटी कागद. सातबारावर आपण बोजा पाहतो, तसा नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा पाहावा आणि तो उतरल्याचे पत्र घ्यावे. नावे बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30 यांवर सही पाहिजे. आपले दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाखाली येतात. गाडी दुसऱ्या कार्यालयात नोंदलेली असली, तर तेथील ना-हरकत दाखलाही पाहिजे. 2024 पासून काही गाड्या ‘बॅटरी भाड्याने’ या योजनेत विकल्या गेल्या. त्यांत गाडीची किंमत कमी दिसते, पण बॅटरीपोटी दर किलोमीटरला पैसे द्यावे लागतात. असा करार आहे का, आणि तो आपल्या गळ्यात येणार का, हे लेखी विचारावे. हमीचेही तसेच. टियागोच्या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत, अशी हमी होती. काही कंपन्यांच्या याहून लांब मुदतीच्या हमी मात्र पहिल्या मालकापुरत्याच असतात. हमी आपल्या नावावर येते का, किती ताकद उरल्यास बॅटरी बदलून मिळते, आणि आधीच्या मालकाने वेळच्या वेळी सेवा करून घेतली आहे का, हे कंपनीकडूनच कळावे. विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे.

एवढे सारे पाहिले की भाव करणे सोपे होते. उरलेले युनिट, उरलेली हमी आणि आपला रोजचा पल्ला, या तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. रोजचा पल्ला, त्यात चढाचा खर्च आणि वर पाचवा हिस्सा राखीव, एवढे जिच्यात मावते ती गाडी आपल्या कामाची. मावत नसेल, तर ती कितीही चकचकीत असो, दुसऱ्या कोणाच्या कामाची असेल, आपल्या नाही.

विकणाऱ्या बंधूंनाही एक विनंती. तुमची गाडी चांगली असेल, तर बॅटरीचा अहवाल आणि सेवेची पावती तुम्हीच पुढे करा. घेणाऱ्याची भीती गेली की तुम्हाला रास्त भाव मिळतो. आणि गावागावांतल्या शिक्षकांनी सबमीटरचे ते गणित चार पालकांना समजावून दिले, तर आपल्या दोन तालुक्यांत तरी जुन्या मोटारीचा बाजार बेल्ह्याच्या बैलबाजाराइतका डोळस होईल.